टाकी स्वच्छ होती

“बाई, हे अजून दूधच आहे,” टाकीच्या तोंडातून आत डोकावत मामांनी जाहीर केलं. “नुसतं दूध. मांजर आणा एखादं.”

विरजणबाईंना हसू आलं नाही. त्यांनी लांब दांड्याचा डाव आत सोडला, हलवला, वर काढला. दुधाची सरळ धार लागली. सकाळी सहाला विरजण घातलं होतं आणि आता साडेदहा वाजले होते. या वेळेला दोन नंबरच्या टाकीतल्या पाच हजार लिटरांचं दही होऊन त्यात डाव उभा राहायला हवा होता.

बाईंनी भांडंभर नमुना घेतला आणि कल्चर रूममध्ये जाऊन आंबटपणा तपासला. रोज या वेळी ब्युरेटच्या मापनळीतलं निम्मं औषध थेंबाथेंबानं उतरतं, तेव्हा कुठे दह्याला गुलाबी रंग येतो. आज दोन रेघा उतरल्या नाहीत तोच गुलाबी. म्हणजे आंबटपणाचा पत्ता नाही. साडेचार तास आत कोणी काम केलेलंच नाही.

बाई या डेअरीच्या कल्चर रूमच्या प्रमुख. प्रमुख म्हणजे तिथे दुसरं कोणीच नव्हतं. एकतीस वर्षं दही आणि चीज यांचं विरजण त्यांच्या हातून जात होतं आणि एकतीस वर्षांत दही न लागण्याचे प्रसंग तीन. तिन्हींच्या तारखा त्यांना पाठ. हा चौथा.

बातमी साहेबांपर्यंत पोचायला चार मिनिटं लागली. साहेबांना मामांनी ‘बचतसाहेब’ हे नाव ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी आल्याआल्या त्यांनी दिवे वाचवले, साबण वाचवला, कागद वाचवला आणि वाचवायला आणखी काही उरलं नाही तेव्हा बोलण्यातली क्रियापदं वाचवायला सुरुवात केली.

“पाच हजार लिटर?” साहेबांनी विचारलं.

“पाच हजार.”

“कारण?”

“बघावं लागेल.”

“बघायचं काय त्यात? टाकी अस्वच्छ. उघड.”

मामा बाजूलाच ब्रश घेऊन उभे होते. बावीस वर्षं तेच टाक्यांत उतरून आतून घासत. कंत्राटदार बदलत गेले, पण मामा तेच राहिले. नव्या कंत्राटदाराला यादीत टाक्या मिळत, नळ्या मिळत, तसेच मामाही मिळत.

“साहेब, तोंड बघून घ्या आत जाऊन,” मामा म्हणाले. “दाढी करता येईल एवढी लख्ख असते माझी टाकी.”

“उद्यापासून घरी. चौकशी होईपर्यंत.” मग साहेब बाईंकडे वळले. “तुमच्याकडून फक्त दोन ओळी. ‘टाकी नीट धुतलेली नव्हती, त्यामुळे विरजण लागलं नाही.’ खाली सही. परवा मुख्य कचेरीच्या मॅडम.”

“आणि टाकी धुतलेली असली तर?”

“तर मग विरजणात दोष. विरजण कोणाचं?” साहेब हसले. “तुमचे सहाच महिने राहिलेत ना? ते सुखात जावेत असं मला मनापासून वाटतं.”

या वाक्यात त्यांनी एकही क्रियापद वाचवलं नाही.

बाई ओरडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांना राग आला की त्या वस्तू ठेवताना आवाज करत. त्या दिवशी कल्चर रूममध्ये काचेची झाकणं, लोखंडी स्टँड, सूक्ष्मदर्शकाखालचं स्टूल, सगळ्यांचे आवाज बाहेरच्या कामगारांनी ऐकले आणि कोणी दार वाजवलं नाही.

सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विरजणातले जिवाणू म्हणजे इवल्याइवल्या गोळ्या, एकमेकींना चिकटून माळेनं उभ्या राहणाऱ्या. आज माळा नव्हत्या. कुठे दोन गोळ्या, कुठे एक, आणि बाकी नुसता चुरा. घरं फोडलेली दिसत होती. फोडणारा दिसत नव्हता; तो या भिंगात दिसण्याइतका मोठाच नसतो.

बाईंकडे तीन विरजणं होती. बाटल्यांवर त्यांचे लांबलचक क्रमांक होते, पण बाई त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणत आणि वहीतही तसंच लिहीत. थोरली संथ, पण कधी दगा न देणारी. मधलीचा वास सगळ्यांत छान, मात्र गारठा पडला की रुसून बसायची. धाकटी चटपटीत, बाकीच्यांना साडेपाच तास लागत, तिथे हिला चार पुरत. दोन दिवस थोरली, दोन दिवस मधली, दोन दिवस धाकटी, अशी पाळी बाईंनी वर्षानुवर्षं लावली होती. तिला कारण होतं. जो विषाणू धाकटीच्या घरात शिरतो, त्याला थोरलीच्या भिंतीवर बसायला जागाच सापडत नाही. चार दिवस धाकटी कामावर नसली की तो नळ्यांमध्ये ताटकळतो आणि धुण्याबरोबर वाहून जातो.

तीन महिन्यांपूर्वी साहेबांनी विचारलं होतं, “एकीला चार तास, दोघींना साडेपाच. मग तिघींना पोसायचं कशाला?” बाईंनी कारण सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “सोमवारपासून धाकटी. दह्याला. चीजलाही.” बाईंनी मान हलवली नाही, पण सोमवारी धाकटीच घातली. मंगळवारीही. असे तीन महिने.

दुपारी नासलेलं दूध सोडून दिल्यावर मामा दोन नंबरच्या टाकीत उतरले.

“तुम्हाला घरी जायला सांगितलंय ना?” बाईंनी बाहेरून विचारलं.

“उद्यापासून सांगितलंय. आजची टाकी माझी आहे.” मामांचा आवाज आतून घुमून येत होता, त्याच्यामागे ब्रशची घासघास. “बाई, खरं सांगा. काय मेलं आत?”

“विरजणातले जिवाणू मेले. विषाणू लागला त्यांना. फाज म्हणतात.”

“जिवाणूंना विषाणू? म्हणजे त्यांनाही सर्दी होते की काय?”

“सर्दी परवडली. हा फार वेगळा. त्याला स्वतःचं काहीच नाही, मामा. खात नाही, वाढत नाही, एकट्यानं शंभर वर्षं पडून राहिला तरी त्याचा दुसरा होत नाही. एक डोकं, डोक्यात गुंडाळून भरलेला धागा आणि खाली शेपूट. बस्स. जिवाणूच्या अंगावर येऊन बसतो, शेपूट रोवतो आणि धागा आत सोडतो. स्वतः रिकामा बाहेरच लटकत राहतो.”

“मग आत जातं काय?”

“हुकूम जातो. त्या धाग्यावर लिहिलेला.”

ब्रश थांबला. “म्हणजे आपले साहेबच की! केबिनमधून उठत नाहीत, नुसती चिठ्ठी आत.”

“ऐका तरी. आत जिवाणूचा स्वतःचा कारखाना चालू असतो. दुधातली साखर घ्यायची, आंबट करायची, आपली वाढ करायची. हा हुकूम आला की ते सगळं बंद. तीच यंत्रं, तोच माल, तेच कामगार, पण आता याची डोकी बनवायची. याच्या शेपट्या बनवायच्या. धाग्याच्या नकला काढायच्या. मग जुळणी. एकेका डोक्यात एकेक धागा ठासून भरायचा आणि खाली शेपूट लावायची.”

“आणि जिवाणू नाही म्हणाला तर?”

“कसं म्हणणार? हुकूम आपल्या घरातला की परका, ते आतल्या यंत्रांना कळत नाही. लिहिलंय ना, मग करायचं.”

“बरं, मग?”

“अर्ध्यापाऊण तासात शंभर तयार होतात. मग तेच भिंत विरघळवतात आणि घर फुटतं. शंभर जण बाहेर, शंभर नव्या घरांवर. शंभराचे दहा हजार, दहा हजारांचे दहा लाख. साडेचार तासांत किती झाले ते तुम्हीच मांडा.”

मामांनी मांडलं नाही. ब्रश पुन्हा चालू झाला. मग आतून आवाज आला, नेहमीपेक्षा हळू, पण टाकीत हळू बोललेलंही मोठंच होऊन बाहेर पडतं.

“पण बाई, त्या जिवाणूला कळत नव्हतं. तुम्हाला कळत होतं ना?”

बाईंच्या हातातली चाचणीनळ्यांची जाळी खाली आदळली. राग आला तो मामांचा आला, कारण मामांचं बरोबर होतं. साहेबांवर रागावणं सोपं होतं. त्यात बाईंचं काही जात नव्हतं.

“बाहेर या,” त्या म्हणाल्या. “झाली ना धुऊन?”

मामा बाहेर आले. बाईंनी उकळून काढलेला कापसाचा बोळा घेतला, कोपरापर्यंत हात आत घालून टाकीच्या भिंतीवरून फिरवला आणि नळीत बंद केला. मग म्हणाल्या, “आता शेवटचं पाणी सोडा. रोज सोडता तेच.”

हे शेवटचं पाणी म्हणजे साहेबांची सर्वांत मोठी बचत. चीज करताना दुधातून जे हिरवट पाणी सुटतं, ते पूर्वी वाया जाई. साहेबांनी ते गाळून, गरम करून टाक्या विसळायला वापरायची योजना काढली आणि त्याबद्दल मुख्य कचेरीकडून मिळालेलं प्रशस्तिपत्र केबिनमध्ये डोक्यामागे लावून घेतलं. गाळणीत जिवाणू अडकत होते. सत्तर अंशांना उरलेसुरले मरत होते. त्या गाळणीतून सहज जाणारं आणि सत्तर अंशांना भीक न घालणारं काही असू शकतं, हे योजनेच्या अठरा पानांत कुठेही नव्हतं. चीज धाकटीचं, पाणी चीजचं, टाकी त्या पाण्यानं विसळलेली आणि टाकीत पुन्हा धाकटीच.

पाणी फिरून गेल्यावर बाईंनी दुसरा बोळा फिरवला. तिसरा नमुना थेट नळातल्या पाण्याचा घेतला, चौथा स्वतःच्या बाटलीतल्या धाकटीचा. मामा ब्रश धुऊन, खिळ्याला लावून निघाले तेव्हा बाई नळ्यांवर चिठ्ठ्या डकवत होत्या.

संध्याकाळी घरी बाईंचे यजमान एका भिंतीवरच्या घड्याळाचं पोट उघडून बसले होते. घड्याळं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा आणि दुरुस्त न होणाऱ्या गोष्टी सोडून देणं हा स्वभाव.

“दे ना लिहून,” सगळं ऐकून ते म्हणाले. “अगं, दोन ओळींचा तर प्रश्न आहे.”

“दोनच आहेत म्हणून तर राग येतोय. बावीस वर्षांच्या माणसाला काढायला दोन पानं तरी लागायला हवीत.”

“आणि उलटून तुझ्यावर आलं तर?”

“थोडं माझंच आहे ते.”

यजमानांनी भिंग डोळ्यावरून काढलं. हे वाक्य या घरात सहसा ऐकू येत नसे. “चहा टाकू?” त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता उठले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी काचेच्या पाच बशा मांडल्या. प्रत्येकीत जेलीसारखा मऊ थर ओतला. चार थरांत धाकटीचे जिवाणू आणि एकेक नमुना. पाचवीत नळाचं तेच पाणी, पण जिवाणू थोरलीचे. मग बशा उबेत ठेवल्या. जिवाणू वाढले की बशी दुधट होते. जिथे एखादा फाज असेल, तिथे तो एका घरातून दुसऱ्या घरात फोडाफोडी करत जातो आणि दुधट थरात स्वच्छ, गोल भोक पडतं. फाज दिसत नाही, पण त्यानं उठवलेली वस्ती मोजता येते.

चौकशीच्या सकाळी बाई सातला आल्या. चौथी बशी, त्यांच्या बाटलीची: भोक नाही. पहिली, मामांनी घासल्यानंतरची: भोक नाही. बाईंनी ती उजेडाकडे धरून तिरकी करून पाहिली, मग भिंगातून, मग चष्मा पुसून पुन्हा. एकही नाही. दुसरी, त्या पाण्यानं विसळल्यानंतरची: पेनानं ठिपके देत मोजली, एकशे बारा. तिसरी, नळाच्या पाण्याची, मोजण्याच्या पलीकडे गेलेली. दुधट काही उरलंच नव्हतं, बशीतून पलीकडचं टेबल दिसत होतं. पाचवी, थोरलीची, तेच पाणी पिऊन जशीच्या तशी दुधट.

मुख्य कचेरीच्या मॅडम वयानं बाईंच्या निम्म्या आणि चालायला दुप्पट. साहेबांच्या केबिनमध्ये त्यांनी आधी बाईंची वही उघडली.

“थोरली, मधली, धाकटी… हे काय आहे?”

“घरगुती नोंदी, मॅडम,” साहेब म्हणाले. “जुनी माणसं. पद्धतही तशीच.”

“वाचा पुढे,” बाई म्हणाल्या. “सोमवार, धाकटी. मंगळवार, धाकटी. बुधवार, धाकटी. तीन महिने सलग. तीन कल्चर आहेत माझ्याकडे आणि तीन महिने एकच वापरलं.” मग त्यांनी पाचही बशा एकेक करून टेबलावर ठेवल्या. प्रत्येकीचा आवाज झाला.

मॅडमना सांगावं लागलं नाही. त्यांनी तिसरी बशी उचलली, पाचवी उचलली, दोन्ही शेजारी धरल्या आणि मान वर केली. “विसळायचं पाणी?”

“हो.”

“ही तपासणी कोणी करायला सांगितली?”

साहेबांनी अर्धा क्षणही वाया घालवला नाही. ती सवयच होती. “मीच, मॅडम. मी म्हटलं होतं, बाई, आपण याच्या मुळाशी गेलंच पाहिजे. पाण्याबद्दल मला कधीपासून शंका येत होती.”

क्रियापदांचा असा सुकाळ त्या केबिननं दोन वर्षांत पाहिला नव्हता. बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. यांना बशी म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं.

मॅडम भराभर लिहीत गेल्या. पाण्याची योजना स्थगित. तीन कल्चर आलटूनपालटून वापरायची, ताबडतोब. “याला ‘त्रिस्तरीय पद्धत’ म्हणता येईल,” साहेबांनी सुचवलं. “प्रस्ताव तयार करतो मी.” मॅडम लिहीतच होत्या: कारण तांत्रिक. व्यक्तिशः कोणीही जबाबदार नाही.

“आणि मामा?” बाईंनी विचारलं.

“कोण मामा?”

“टाकी धुणारे. त्यांना घरी पाठवलंय.”

“कंत्राटाचा माणूस, मॅडम,” साहेब म्हणाले. “कंत्राटदारानं कालच दुसरा दिलाय. तो विषय संपला.”

मॅडमनी अहवाल बाईंपुढे सरकवला. “तपासणी तुमची आहे, इथे सही करा.”

बाईंनी पेनचं टोपण काढलं होतं. ते परत लावलं.

“एक ओळ राहिलीय. ‘दोन नंबरची टाकी स्वच्छ धुतलेली होती.’”

“बाई, अहवाल विषाणूंचा. धुणाऱ्याचा काय संबंध?” साहेब म्हणाले.

“परवा होता. परवा तुम्ही माझ्याकडे दोन ओळी मागितल्या, तेव्हा सगळा संबंध त्यांचाच होता. विषाणूचं नावही नव्हतं तुमच्या तोंडी.” बाईंचा आवाज चढला नव्हता, पण पेन टेबलावर असं आपटलं गेलं की पहिली बशी जागची हलली. “ही बशी बघा, मॅडम. बावीस वर्षं टाकीत गुडघ्यांवर बसून घासणाऱ्या माणसाची बशी आहे ही. एक ठिपका दाखवा मला यात. एक.”

“कुठल्या दोन ओळी मागितल्या होत्या?” मॅडमनी साहेबांना विचारलं.

साहेबांची क्रियापदं परत आटली. “तसं काही… म्हणजे… प्राथमिक अंदाज.”

“लिहिते ही ओळ,” मॅडम म्हणाल्या. “आणखी काही?”

इथे थांबायला हरकत नव्हती. यजमान असते तर त्यांनी टेबलाखालून पाय दाबला असता.

“आणखी एक,” बाई म्हणाल्या. “एकच विरजण वापरण्याचा हुकूम साहेबांचा, तोंडी. तो चुकीचा आहे हे माहीत असून तीन महिने पाळला मी. माझं नाव घाला.”

मॅडमनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि घातलं.

पंधरा दिवसांनी दोन पत्रं आली. साहेबांना तोंडी समज. बाईंच्या सेवापुस्तकात लेखी ठपका, एकतीस वर्षांतला पहिला. तोंडी हुकुमाला तोंडी आणि लिहून दिलेल्या कबुलीला लेखी, असा मुख्य कचेरीचा चोख न्याय. प्रशस्तिपत्र साहेबांच्या डोक्यामागेच राहिलं.

मामांचा पत्ता कंत्राटदाराच्या मुकादमाकडून मिळाला. ते बसडेपोत लागले होते, गाड्या धुवायला. बाई सुट्टीच्या दिवशी सकाळी गेल्या. ओळीत उभ्या असलेल्या बसच्या मागून मामा आले, गुडघ्यापर्यंत बूट, हातात पाण्याची जाड नळी.

“बाई! तुम्ही इकडे? कुठे निघालात?”

“तुमच्याकडेच.”

“वा. बसा म्हणालो असतो, पण सगळं ओलं आहे.” त्यांनी नळी बंद केली. “बरं आहे हो इथे. मोकळी हवा. एकच त्रास, बस आतून बोलत नाही. टाकीत कसं, आपणच बोलायचं आणि आपणच ऐकायचं.”

“मी कंत्राटदाराशी बोलले. परत घेईन म्हणतो. अर्ज करावा लागेल. एकदा माफ करा म्हणून.”

मामा हसले नाहीत. “कशाबद्दल?”

बाईंनी पिशवीतून अहवालाच्या त्या पानाची नक्कल काढली आणि पुढे केली. मामांनी हात पुढे केला, त्याच्याकडे पाहिलं आणि मागे घेतला. कोपरापासून पाणी निथळत होतं. पुसायला अंगावर कोरडं काही नव्हतं.

“तुम्हीच धरा,” ते म्हणाले.

बाईंनी पान दोन्ही हातांत उघडून त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. मामा हात अंगापासून लांब ठेवून, जरा वाकून वाचू लागले, ओठ हलवत, एकेक शब्द. ओळ लहान होती. ती संपल्यावर ते पुन्हा पहिल्या शब्दावर गेले. मागून कोणीतरी हाक मारली, मामांनी वळून पाहिलं नाही. बाईंचे खांदे भरून आले होते, पण त्यांनी पान हलू दिलं नाही.